दोन घटका अंधार

रविवारी आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता म्हैसूरच्या राजवाड्यावरचे सुमारे ९७ हजार दिवे एकदम लागतात. कमानी, घुमट, मनोरे, तटाची किनार अशा सगळ्या कडा पिवळ्या ठिपक्यांनी आखल्या जातात आणि अंगणात जमलेल्या हजारो माणसांच्या तोंडून एकाच वेळी ‘अहाहा’ निघते. म्हैसूर-उटीची सहल केलेल्या मराठी घरात या क्षणाचा एक तरी फोटो असतोच. त्यानंतर पाऊण-एक तासाने जे घडते, त्याचा फोटो मात्र कोणी काढत नाही. ठरलेली वेळ संपते, कळ फिरते आणि तो सारा झगमगाट विझतो. राजवाडा नुसती काळी आकृती होऊन उभा राहतो, दिपलेल्या डोळ्यांना क्षणभर काही सुचत नाही आणि लोक फाटकाकडे वळतात. म्हैसूरकडून शिकण्यासारखी गोष्ट मला या दुसऱ्या क्षणात दिसते. इतका लाडका, इतका अभिमानाचा प्रकाशही इथे वेळेवर लागतो आणि वेळेवर विझतो; त्याने राजवाड्याचे वैभव कणभरही कमी होत नाही. हीच शिस्त शहराच्या बाकीच्या दिव्यांना लावली, तर म्हैसूरला आपले आकाश परत मिळू शकेल, असे माझे म्हणणे आहे. आणि ते आकाश साधे नाही. उत्तरेकडच्या शहरांच्या वाट्याला तसे आकाश आलेले नाही.

ते कसे, हे समजायला हाताची मूठ पुरते. हात समोर ताठ धरून मूठ वळली, की तिची रुंदी आकाशावर साधारण दहा अंश भरते. म्हैसूर १२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरा, नागपूर एकवीस. ज्या गावाचा जेवढा अक्षांश, तेवढीच तिथे ध्रुवाची उंची. म्हणून पुण्यात जवळजवळ दोन मुठी वर असणारा ध्रुव म्हैसूरमध्ये एका मुठीच्या जरासा वर, झाडांच्या शेंड्यांशी येऊन टेकतो. उत्तरेला जे खाली गेले, ते दक्षिणेला वर येते. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा अगस्ती नागपुरातून दीड मुठीच्या आसपास दिसतो, म्हैसूरमधून अडीच मुठी. त्रिशंकूच्या पायाशी असलेला तारा दिल्लीत कधी उगवतच नाही. पुण्यात तो एका मुठीच्याही खाली, क्षितिजालगतच्या जाड, धुरकट हवेत बुडालेला असतो, तर म्हैसूरमध्ये दीड मूठ वर, मोकळ्या हवेत येतो. हा फरक खगोलशास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखला होता. वेणू बाप्पूंनी तमिळनाडूच्या जवादी टेकड्यांत कावलूर इथे वेधशाळा उभारली, ती म्हैसूरच्याच अक्षांशपट्ट्यात, साडेबारा अंशांवर. तिथून उत्तरेचे आकाश तर हाताशी राहतेच, दक्षिणेचाही मोठा भाग आवाक्यात येतो. त्याच कावलूरला २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण १९८६ मध्ये कामाला लागली. शास्त्रज्ञांनी मुद्दाम शोधून काढलेली ही जागा म्हैसूरकरांना घराच्या गच्चीवर फुकट मिळालेली आहे.

वर्षभर काय पाहायचे, याचे वेळापत्रकही मराठी माणसाला नव्याने पाठ करावे लागत नाही. ते भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे. आपल्या महिन्यांची नावे म्हणजे आकाशाचा पत्ता आहे: ज्या नक्षत्राजवळ पौर्णिमेचा चंद्र येतो, त्याचे नाव महिन्याला. मार्गशीर्षात मृगशीर्ष, माघात मघा, चैत्रात चित्रा, कार्तिकात कृत्तिका. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो, म्हणजे त्या महिन्यात ते नक्षत्रही संध्याकाळी पूर्वेला वर येते आणि रात्रभर सोबत करते. (जूनमध्ये ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून नेमके तेव्हाच मृग दिसत नाही. पावसाचे नक्षत्र आणि रात्रीचे नक्षत्र यांत सहा महिन्यांचे अंतर पडते, हे शाळेत एकदा सांगितले तरी पुष्कळ गोंधळ मिटेल.) म्हैसूरमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ असते ते मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, आणि तेव्हाच सर्वांत श्रीमंत आकाश डोक्यावर येते. मृगाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्या बाणाच्या रेषेत खाली व्याध आणि वर रोहिणी. रोहिणीच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून उल्कांचा वर्षाव होतो. वर्षातल्या सर्वांत भरवशाच्या वर्षावांपैकी तो एक, आणि त्या रात्री दक्षिण कर्नाटकात ढगांची भीतीही कमी. व्याधाच्या खाली, थेट दक्षिणेला अगस्ती. ज्या अगस्तींच्या कमंडलूतून कावेरी निघाली असे पुराण सांगते, त्यांचा तारा कावेरीकाठच्या या मुलखात माघातल्या रात्री दक्षिणेला ठळक उभा राहतो. श्रीरंगपट्टणच्या घाटावरून नदी आणि तारा दोन्ही एका नजरेत यावेत, इतकी ही कथा आणि हे आकाश एकमेकांना धरून आहे.

चैत्र-वैशाखात मृग मावळतीकडे झुकतो आणि दुसरा पट उघडतो. उत्तरेला सप्तर्षी चढतात. त्यांच्या शेपटीचा बाक पुढे नेला की केशरी स्वाती आणि आणखी पुढे पांढरी चित्रा सापडते. हे महाराष्ट्रातही दिसते. म्हैसूरची स्वतःची म्हणावी अशी दौलत दक्षिणेला आहे. त्रिशंकू, त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. त्यांतला मित्र म्हणजे सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारकाशेजारी, सव्वाचार प्रकाशवर्षांच्या आसपासचा. त्यांच्या वर नरतुरंगातला तो गोल तारकागुच्छ, जो नुसत्या डोळ्यांना अंधुक, लोकरीसारखा एक ठिपका वाटतो आणि ज्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. म्हैसूरमधून तो तीन मुठी वर येतो. मध्यरात्र उलटली की विंचू आपल्या वळलेल्या नांगीसकट पूर्वेकडून आग्नेयेला वर सरकतो, त्याच्या छातीत तांबडी ज्येष्ठा, आणि नांगीच्या शेजारी आकाशगंगेचा गाभा. हा गाभा लंडनहून जेमतेम एक मूठ वर येतो. म्हैसूरवरून तो जवळजवळ पाच मुठी वर असतो. युरोपातले हौशी निरीक्षक जे पाहायला विमानाची तिकिटे काढतात, ते इथे उन्हाळ्याच्या पहाटे गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्याच्या डोक्यावर असते. दिसत नसेल, तर दोष आकाशाचा नाही.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही; आषाढ-श्रावणात ढग असतात आणि ढगांपुढे कोणाचे चालत नाही. मात्र भाद्रपद उलटला की फटी सापडू लागतात. माथ्यावर अभिजित, श्रवण आणि हंसाचा ठळक तारा यांचा मोठा त्रिकोण, आणि आश्विन-कार्तिकात उत्तरेला शर्मिष्ठा, देवयानी, ययाती असे सगळे कुटुंबच चढते. देवयानीतला तो धुरकट लंबगोल म्हणजे दुसरी आकाशगंगा, पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर. साध्या डोळ्यांनी माणूस सहज पाहू शकतो त्यांतली ही सर्वांत दूरची वस्तू. ती पाहायला हवा असतो फक्त अंधार, आणि तो पंचांगाने नेमका सणाच्या दिवसांत ठेवला आहे. घटस्थापना अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी असते. म्हणून नवरात्राच्या पहिल्या तीन-चार माळांना चंद्र लवकर मावळतो आणि उरलेली रात्र काळी असते. लक्ष्मीपूजन तर अमावस्येलाच. आपल्या पूर्वजांनी दिव्यांचे सण सर्वांत काळ्या रात्रींवर बसवले, त्यात अंधाराविषयी तिरस्कार नव्हता. पणती शोभते ती अंधारातच.

हे सगळे पाहायला किती वेळ लागतो? याचे उत्तर एका मराठी पुस्तकाच्या नावातच आहे. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून देणारे ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, आणि त्याचे दुसरे नाव ठेवले ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. आजच्या विज्ञानाच्या हिशेबातही हे माप चपखल बसते: उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्याला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणजे एक घटका डोळे तयार होण्यात जाते आणि दुसरी पाहण्यात. याच दीक्षितांनी पुढे १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत या शतपथ ब्राह्मणातल्या एका उल्लेखावरून त्या नोंदीचा काळ इसवी सनापूर्वी तीन हजार वर्षांच्या आसपास जातो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. त्या काळनिर्णयावर मतभेद होतील, झालेही. पण वादाचा पाया काय आहे, ते पाहा. कोणीतरी पूर्वेच्या क्षितिजावर कृत्तिका उगवताना पाहिल्या आणि लिहून ठेवले. आजच्या म्हैसूर, पुणे किंवा नागपूरच्या मध्यावरून पूर्वेच्या क्षितिजावर कृत्तिका दिसत नाहीत. ग्रंथ आपल्या कपाटात आहेत, पण त्यांत लिहिलेले पडताळून पाहण्याची सोय आपण एकाच पिढीत घालवून बसलो आहोत.

ही सोय किती वेगाने जाते आहे, याचे मोजमाप आता हाती आहे. जगभरच्या सामान्य निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याप्रमाणे रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास उजळत गेले. म्हणजे मूल जन्माला आले तेव्हा जिथून अडीचशे तारे दिसत होते, तिथून ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतात. यातल्या बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा म्हैसूरला चिकटवणे बरोबर नाही. कारणे मात्र तीच आहेत. आपल्याकडे २०१५ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत एक कोटीहून अधिक पथदिवे एलईडीचे झाले. वीज वाचली, हे मोठे काम आहे. पण पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरा, निळसर प्रकाश आला, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश ज्या कारणाने निळे दिसते, त्याच कारणाने रात्री शहरावर पांढुरका घुमट चढतो. त्यात सर्वांत अपायकारक असतो तो आडवा, क्षितिजाच्या जरासा वर निसटणारा प्रकाश. तो हवेच्या जाड थरातून दूरवर जातो आणि वीस-तीस किलोमीटरवरच्या गावाचेही आकाश मळवतो. जाहिरातीचे फलक, तिरके लावलेले फ्लडलाइट, मंगल कार्यालयांचे झोत हे सगळे याच जातीचे.

इथे म्हैसूरच्या बाबतीत दिशेचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या मांडणीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. या अक्षांशाचे जे वैशिष्ट्य आहे, अगस्ती, त्रिशंकू, मित्र, तो तारकागुच्छ, ते सगळे दक्षिणेला आणि खाली आहे. म्हणजे संपूर्ण शहर काळोखात बुडवण्याची गरज नाही. दक्षिण क्षितिजावरचा अंधार जपला तरी अर्धी लढाई जिंकली. आणि दक्षिणेला आहे काय? नंजनगूड, गुंडलुपेट, आणि ऐंशी-एक किलोमीटरवर बंडीपूरचे जंगल, त्यापलीकडे निलगिरी. त्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते, कारण गाड्यांखाली जनावरे मरत होती. केरळकडून हा निर्बंध उठवण्याची मागणी वारंवार होते. व्यापाराची अडचण खरी आहे, आणि तरीही निर्बंध टिकला आहे. वन्यजीवांसाठी रात्रीला रात्र राहू देणे हे सार्वजनिक धोरण असू शकते, हे या भागाने आधीच मान्य केले आहे. त्याच विचाराला आकाश जोडले की काय होते, याचा दाखला महाराष्ट्रात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर पथदिवे बदलले गेले. कोणाचा दिवा काढून घेतला नाही; दिव्याचे तोंड जमिनीकडे केले. वाघ आणि तारे यांना एकाच प्रकारची रात्र लागते, हे पेंचमध्ये कळले. बंडीपूर आणि शेजारचे नागरहोळेचे जंगल यांना ते कळायला काय हरकत आहे?

यावर पहिला आक्षेप दसऱ्याचा येईल. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून दिवे कमी करा म्हणणे म्हणजे ‘नाडहब्बा’वर, राज्याच्या सणावर, घाला, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. दसऱ्यात शहराचे शंभर किलोमीटरांहून अधिक रस्ते रोषणाईने सजतात, दुकानदार, टांगेवाले, हॉटेलवाले यांचे वर्षाचे गणित त्यावर बसते. शिवाय विजेचा अभिमान इथल्या मातीत आहे: कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, तेव्हा भारतातल्या बहुतेक शहरांनी विजेचा दिवा पाहिलाही नव्हता. मला दसऱ्याचा एकही दिवा कमी नको आहे. वर्षात दसऱ्याचे दिवस दहा-पंधरा. आकाश हिरावले जाते ते उरलेल्या साडेतीनशे रात्रींना, आणि ते हिरावणारे दिवे उत्सवाचे नसतात. रिकाम्या आवारावर पहाटेपर्यंत जळणारा झोत कोणत्याच देवीच्या मानाचा नाही. आणि दसऱ्याची सांगता कशाने होते? विजयादशमीच्या रात्री बन्निमंटपच्या मैदानावर पंजिन कवायतु, म्हणजे मशालींची कवायत होते. शेकडो मशालवाले ज्वालांच्या आकृत्या काढतात. ती आकृती उमटते कारण मैदान काळे असते. या शहराला अंधाराची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आपल्या सर्वांत मोठ्या उत्सवाच्या शेवटी ते स्वतःच ती सांगते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. कामावरून उशिरा परतणाऱ्या बाईला, शिकवणीहून सायकलने येणाऱ्या मुलीला उजेड हवाच. इथे पुरावा दोन्ही बाजूंनी आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या आकडेवारीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यरात्रीनंतर दिवे बंद किंवा मंद केलेल्या ठिकाणी गुन्हे वा अपघात वाढल्याचे आढळले नाही. उलट न्यूयॉर्कमधल्या सरकारी वसाहतींत २०१६ मध्ये तात्पुरते प्रखर दिवे उभारले, तेव्हा रात्रीचे घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे छत्तीस टक्क्यांनी घटले. दोन्ही खरे मानले तर निष्कर्ष असा निघतो, की जिथे माणसे रात्री वावरतात आणि धोका आहे, तिथे उजेड कमी करू नये. आणि जिथे कोणी वावरत नाही, तिथे तो जाळून सुरक्षितता मिळत नाही. आकाशाची बाजू मांडणाऱ्याला यापेक्षा जास्त काही नको आहे. बसथांब्यावरचा, गल्लीच्या तोंडावरचा दिवा राहू द्या, हवा तर वाढवा. फक्त त्याला वरून टोपी घाला आणि रंग ऊबदार ठेवा. उघडा, डोळ्यांत घुसणारा दिवा पायाखालचा खड्डाही लपवतो आणि त्याच्या मागे सावलीत उभा असलेला माणूसही. टोपी घातलेला दिवा दोन्ही दाखवतो. याच कारणाने वृद्ध पादचाऱ्यांनीही या मागणीच्या बाजूने उभे राहायला हवे.

ज्या घरात वीज अगदी अलीकडे आली, त्या घराला अंधाराचे कौतुक कसे सांगायचे, हा प्रश्न मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. तारे पाहणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असे कोणी म्हणाले तर त्यात रागावण्यासारखे काही नाही. पण हिशेब नीट मांडू या. आकाशात गेलेला प्रकाश कोणाच्याही घरात पडत नाही, कोणाच्या पुस्तकाचे पान उजळत नाही. तो निव्वळ सांडलेला आहे, आणि त्याचे बिल नगरपालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे त्या घराच्याही खिशातून जाते. दुसरे असे, की आकाश हे एकमेव दालन आहे ज्याला तिकीट नाही. शहरातले आकाश गेले की ते परत मिळते फक्त गाडी, सुटी आणि रिसॉर्टचे पैसे असणाऱ्यांना. गरिबाच्या मुलाला मृग पाहायचा तर तो त्याच्याच वस्तीवर दिसला पाहिजे. तारांगणे आणि मोबाइलमधले नकाशे यांचे मला मोल आहे. म्हैसूर विद्यापीठाच्या चामुंडी पायथ्याच्या जागेत तारांगणाची पायाभरणी २०२२ मध्ये झाली, ही आनंदाची गोष्ट. पण घुमटाखाली शिकलेले मूल बाहेर आल्यावर मान वर करणारच, आणि तेव्हा वर काहीतरी असायला हवे. ढग असतातच, मग दिवे विझवून काय उपयोग, हा आक्षेप तर उलटा वापरता येतो. म्हैसूरचा मुख्य पाऊस मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. दसऱ्याच्या रात्री पुष्कळदा ढगांतच जातात. मग ज्या चार-पाच महिन्यांत आकाश मोकळे असते, त्यांतल्या रात्री तरी वाया का घालवायच्या?

मागणी मोठी नाही. दक्षिणेच्या रस्त्यांवर नवे दिवे बसवताना ते टोपीचे आणि ऊबदार रंगाचेच घ्यावेत. जाहिरात फलक आणि रिकाम्या इमारतींचे दर्शनी दिवे ठरावीक वेळेनंतर बंद व्हावेत. फ्रान्सने २०१३ पासून दुकानांच्या काचा आणि इमारतींचे दर्शनी भाग रात्री एकनंतर विझवायला लावले आहेत, आणि पॅरिसचे पर्यटन त्याने थांबलेले नाही. आणि मार्गशीर्ष ते चैत्र या पाच महिन्यांत, अमावस्येच्या सर्वांत जवळच्या रविवारी, राजवाड्याचे दिवे विझले की त्या परिसरातले शोभेचे दिवेही दोन घटका विझलेले राहावेत. पथदिवे चालू, पोलीस जागेवर, आणि अंगणात जमलेली माणसे घरी न जाता तिथेच बसलेली. शाळांच्या एक-दोन दुर्बिणी आल्या तर उत्तम, नाही आल्या तरी चालेल. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी हौशी मंडळी १९४४ पासून हे काम करत आली आहेत. आकाश दाखवणाऱ्या माणसांची वानवा आपल्या देशात कधी नव्हती.

चैत्र अमावस्येच्या आसपासचा असा रविवार डोळ्यांसमोर आणा. सूर्य साडेसहाला मावळला, राजवाडा सातला उजळला आणि आठच्या आत विझला. पहिली घटका डोळ्यांत पिवळे ठिपकेच नाचत राहतात. पश्चिमेला व्याध मात्र तेव्हाही दिसतो. मग हळूहळू सप्तर्षी, सिंहाचे कोयत्यासारखे डोके, स्वाती. साडेआठच्या सुमारास कोणीतरी हात लांब करून मूठ वळते आणि क्षितिजावर ठेवते. उत्तरेला मुठीच्या जरासा वर ध्रुव. नैर्ऋत्येला मुठीच्याच उंचीवर, मावळत चाललेला अगस्ती. आणि आग्नेयेला चामुंडीच्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर, एका कुशीवर कललेला त्रिशंकू वर येत असतो.